सयामी मांजराचा काळा मुखवटा

मांजर हा आपल्या घरांतला निमंत्रणावांचून येणारा पाहुणा. कुत्रा आणावा लागतो, गाय दावणीला बांधावी लागते. मांजर मात्र आपण होऊन येतें, चुलीच्या उबेला बसतें, दुधाचें पातेलें कोठें असतें याचा दोन दिवसांत शोध लावतें, आणि पिलें झालीं म्हणजे तीं तोंडांत धरून सात घरें फिरवितें. त्याचा रंग कोणता असावा याचा विचार आपल्या आजीनें कधीं केला नाहीं. काळें, पांढरें, पिवळें, कबरें, जें दारीं आलें तें आपलें. परंतु जगांत अशींही मांजरें आहेत कीं ज्यांचा रंग वंशावळीच्या कागदावर नोंदलेला असतो, ज्यांच्या केंसांच्या छटेवर प्रदर्शनांतले परीक्षक गुण देतात, आणि ज्यांच्या जोड्या पूर्वजांच्या पिढ्या तपासून जुळविल्या जातात. अशा मांजरांत फार प्रसिद्ध जात म्हणजे सयामी. अंग दुधावरच्या सायीसारखें फिकट. तोंड, कान, चारी पाय व शेंपूट गडद. आणि त्या काळ्या मुखवट्यांतून पाहणारे दोन निळे डोळे.

आजच्या लेखांत या एकाच जातीच्या रंगाची हकीकत सांगण्याचें योजिलें आहे. केवळ कुतूहल हें त्याचें कारण नव्हे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतून अशीं मांजरें विकत आणून पाळणारीं कुटुंबें आतां पुष्कळ आहेत. ज्या रंगावर आपण भुलतों तो मुळांत काय आहे हें ठाऊक नसेल, तर हौस आपली होते आणि तिची किंमत मुक्या जनावराला द्यावी लागते.

प्रथम या मांजराच्या माहेराकडे जाऊं. सयाम म्हणजे आजचें थायलंड. तेथील जुन्या राजधानीचें नांव अयुथया. तें आपल्या अयोध्येवरूनच पडलेलें आहे. हें राज्य १३५१ पासून १७६७ पर्यंत नांदलें. त्या काळच्या परंपरेंतून आलेल्या, मांजरांच्या शुभाशुभ लक्षणांवरील सचित्र पोथ्या थायलंडांत आजही आहेत. त्यांना तेथें 'तमरा माएव' म्हणतात. म्हणजे मार्जारशास्त्राचे ग्रंथच म्हणा ना! घड्या घालून ठेवावयाच्या लांब कागदावर मांजरांचीं चित्रें आणि खालीं पद्यांत लक्षणें, असा त्यांचा घाट आहे. आपल्याकडे अश्वपरीक्षेचे व गजपरीक्षेचे ग्रंथ होते, त्याच पंक्तींतला हा प्रकार. त्यांत १७ प्रकारचीं मांजरें शुभ आणि ६ प्रकारचीं अशुभ सांगितलीं आहेत. शुभ मांजरांत एक 'विचियनमात' नांवाचें आहे. 'विचियन' हें पाली 'वजिर' शब्दाचें, म्हणजे आपल्या 'वज्रा'चेंच, थाई रूप. या मांजराचें अंग पांढरें असून वरचा ओंठ, शेंपूट, चार पाय आणि दोन कान अशीं आठ स्थानें काळीं असावीं, असें तेथें वर्णिलें आहे. आज आपण ज्याला सयामी म्हणतों तें हेंच.

हें मांजर पाश्चात्त्य जगांत शिरलें तें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. १८७१ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें हॅरिसन वीअर या गृहस्थांनीं मांजरांचें एक मोठें प्रदर्शन भरविलें. त्यांत सयामी मांजरेंही होतीं. पाहणाऱ्यांपैकीं कांहींना तीं भयंकर स्वप्नांतल्या प्राण्यासारखीं वाटलीं! १८७८ च्या अखेरीस बँकॉकमधील अमेरिकन वकील डेव्हिड सिकल्स यांनीं राष्ट्राध्यक्ष हेज यांच्या पत्नी ल्यूसी यांजकडे एक सयामी भाटी जहाजानें पाठविली. व्हाइट हाउसमध्यें तिचे पुष्कळ लाड झाले. पण १८७९ च्या शरदऋतूंत ती आजारी पडून मेली. १८८४ सालीं बँकॉकमधील ब्रिटिश वकिलातींतील गूल्ड नांवाच्या अधिकाऱ्यानें आपली बहीण लिलियन व्हेली हिच्यासाठीं एक बोका व एक भाटी इंग्लंडला आणिली. पुढच्याच वर्षीं त्यांचीं पिलें प्रदर्शनांत मांडण्यांत आलीं. ह्याच व्हेलीबाई १९०१ सालीं स्थापन झालेल्या सयामी मांजरांच्या मंडळाच्या संस्थापकांपैकीं एक होत. वंशावळीच्या वह्या, गुणांचे तक्ते आणि निर्णय देणारे परीक्षक, हा सारा संसार तेथून पुढें वाढला.

मांजर तर आलें. परंतु त्याच्या रंगाचें कोडें पाळणाऱ्यांस सुटेना. आईबाप दोघेही काळ्या तोंडाचे, आणि पिलें पाहावीं तों जवळजवळ पांढरींशुभ्र! आठ-दहा दिवस जातात, कानांच्या कडा आणि नाकाचा शेंडा मळल्यासारखा दिसूं लागतो. पुढें कांहीं आठवड्यांत पाय व शेंपूट काळवंडतें, आणि मुखवटा तर हळूहळू कित्येक महिने पसरत राहतो. म्हातारपणीं अंगाचाही फिकट रंग मागें पडून तें बदामी-तपकिरी होतें. शस्त्रक्रियेसाठीं एखाद्या जागेचे केंस काढले, तर तेथें नवे केंस काळे उगवतात. आणि मांजरास दीर्घकाळ ताप आला तर उलट काळ्या जागीं फिकट केंस येतात. रंगाऱ्यानें एकदा रंगवून दिलेल्या खेळण्यासारखा हा रंग नाहीं, हें उघड झालें. तो शरीराबरोबर बदलतो. पण कशाच्या हुकमानें?

याचें उत्तर एका शब्दांत सांगावयाचें तर 'उष्णतेच्या'. १९३० सालीं इल्यिन नांवाच्या दोघां रशियन संशोधकांनीं सयामी मांजरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, अंगावरचे केंस काढून मांजर थंड जागीं ठेविलें तर नवे केंस गडद येतात आणि उबदार जागीं ठेविलें तर फिकट येतात. केंसांतील काळें द्रव्य, ज्याला मेलॅनिन म्हणतात, तें तयार होण्यासाठीं शरीरांत टायरोसिनेज नांवाचें एक विकर लागतें. विकर म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारें द्रव्य. सयामी मांजराच्या शरीरांतील हें विकर कमकुवत असतें. उष्णता त्याला सोसत नाहीं. आमच्या वाचकभगिनींना हें समजावून सांगण्यास प्रयोगशाळेची जरूर नाहीं. विरजण कितीही चांगलें असलें तरी कडकडीत दुधांत घातलें तर दहीं लागत नाहीं. दूध कोमट झाल्यावरच तें आपलें काम करतें. त्याचप्रमाणें मांजराच्या धडाची उष्णता ३८ ते ३९ अंश सेंटिग्रेड असते, तेथें हें विकर निकामी होतें आणि केंस फिकट राहतात. कान, नाक, पावलें व शेंपूट हे भाग धडापेक्षां थंड. तेथें तें चालतें आणि केंस काळे होतात. पोटांतल्या पिलास सर्व बाजूंनीं आईची ऊब असते, म्हणून तें पांढरें जन्मतें. बाहेरच्या हवेंत आलें कीं थंड अवयव आपापला रंग मागूं लागतात. सारांश, सयामी मांजर म्हणजे चार पायांवर चालणारा उष्णतामापकच होय. त्याच्या अंगावरची काळी-पांढरी रेघ ही ऊब आणि थंडी यांच्यामधली सीमा आहे.

आतां हें विकर कमकुवत कां, तें पाहूं. २००५ सालीं संशोधकांनीं यामागचा जनुकांतील फरक नेमका शोधून काढला. टायरोसिनेज ही पांचशेंहून अधिक दुव्यांची एक सांखळी आहे. तींतला ३०२ वा दुवा सयामी मांजरांत बदललेला असतो. एवढ्याशा फरकानें सांखळी उष्णतेंत ढिली पडते. ज्या जनुकांत पुरता बिघाड झाला तर प्राणी संपूर्ण पांढरा, म्हणजे कोडासारखा नव्हे तर जन्मतःच वर्णहीन होतो, त्याच जनुकांतला हा अर्धवट बिघाड आहे. म्हणजे ज्याला आपण राजेशाही रंग म्हणतों तें मूळचें एक न्यून. माणसाच्या डोळ्यांना तें आवडलें, म्हणून पिढ्यान् पिढ्या जपलें गेलें.

हें न्यून दडून राहणारें आहे. आई व बाप या दोघांकडूनही तें आलें तरच पिलाच्या अंगावर दिसतें. सयामी बोका आणि साधी गल्लींतली भाटी यांचीं पिलें बहुधा सर्वांगीं रंगीत निघतात. पण त्या पिलांचा आपापसांत संबंध झाला तर सरासरीनें चारांतलें एक पिलूं पुन्हां काळ्या तोंडाचें निपजतें. तेव्हां काळा मुखवटा दिसला म्हणजे मांजर शुद्ध सयामी, असें म्हणतां येत नाहीं. लांब केंसांचीं आणि काळ्या तोंडाचीं जीं मांजरें आपल्याकडे 'हिमालयन' म्हणून विकलीं जातात, त्यांचीही गोष्ट अशीच आहे. १९३० च्या दशकांत हार्वर्ड येथें क्लाइड कीलर व व्हर्जिनिया कॉब यांनीं इराणी व सयामी मांजरांचा संकर करून, पुढच्या पिढ्यांत लांब केंस आणि काळा मुखवटा हीं दोन्ही दडणारीं लक्षणें एकत्र आणून दाखविलीं. नगाधिराजाचा या मांजरांशीं कांहीं संबंध नाहीं. तसाच रंग असलेल्या 'हिमालयन' नांवाच्या सशावरून तें नांव त्यांना मिळालें.

मुखवटा सर्वत्र एकाच रंगाचा असतो असें मात्र नाहीं. मूळ सयामी मुखवटा जवळजवळ काळा. सील या समुद्रचर प्राण्याच्या कातड्यावरून त्याला 'सील' म्हणतात. त्याशिवाय निळा, चॉकलेटी आणि लायलॅक अशा आणखी तीन छटा आहेत. यांतला निळा म्हणजे आकाशी नव्हे, पाटीसारखा राखी. आणि लायलॅक म्हणजे गुलाबी झांक असलेला अगदीं फिकट राखी. या चारही छटा दोनच कळांनीं साधतात. एक कळ काळ्या द्रव्याला चॉकलेटी करते. दुसरी कळ त्या द्रव्याचे कण केंसांत सारखे पसरूं न देतां गोळा करून ठेवते, त्यामुळें रंग पाणी घातल्यासारखा फिकट दिसतो. पहिली लागली तर चॉकलेटी, दुसरी लागली तर निळा, दोन्ही लागल्या तर लायलॅक, एकही लागली नाहीं तर सील. या कळाही दडून राहणाऱ्या आहेत. आईबाप दोघेही सील, पण दोघांच्याही अंगीं दोन्ही कळा दडलेल्या, असें असेल तर १६ पिलांमागें सरासरीनें ९ सील, ३ निळीं, ३ चॉकलेटी आणि १ लायलॅक, असा हिशेब बसतो. आरंभीं अशीं फिकट पिलें निपजलीं म्हणजे तीं 'रंग बिघडलेलीं' म्हणून बाजूस काढीत. निळ्या छटेला १९३० च्या दशकांत, आणि चॉकलेटी व लायलॅक यांना त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत मान्यता मिळाली. पुढें तांबड्या व पट्टेदार मुखवट्यांचींही मांजरें निघालीं. ब्रिटिश संस्थेनें त्यांना सयामींत घेतलें. अमेरिकेंतल्या एका प्रमुख संस्थेनें फार काळ त्यांची निराळी जात मानिली. मांजर तेंच, अटलांटिक महासागर ओलांडला कीं त्याची जात बदलते! यावरून जातीच्या रेषा निसर्ग आंखतो कीं माणूस, याचा वाचकांनींच विचार करावा.

या बाबतींत ब्रह्मदेशांतल्या एका भाटीची कथा मोठी उद्बोधक आहे. १९३० सालीं डॉक्टर जोसेफ टॉम्सन यांनीं ब्रह्मदेशांतली एक तपकिरी भाटी सॅन फ्रान्सिस्कोला नेली. तिचें नांव वाँग माऊ. तिच्या तोंडावर मुखवटा होता, पण अंगही बरेंच गडद होतें. म्हणून पुष्कळांनीं तिला 'रंगाला वाईट अशी सयामी' ठरविलें. टॉम्सन यांनीं घाईनें निकाल न देतां तिची जोडी एका सयामी बोक्याशीं जमविली. पिलांत कांहीं बापासारखीं सयामी निघालीं, तर कांहीं आईसारखीं मध्यम तपकिरी. त्या मध्यम रंगाच्या पिलाशीं पुन्हां वाँग माऊची जोडी केली, तेव्हां तिसराच, अधिक गडद तपकिरी रंग प्रगट झाला. तीच 'बर्मी' जात. वाँग माऊ स्वतः अर्धी सयामी व अर्धी बर्मी होती. दोन्ही रंग त्याच एका जनुकाच्या निरनिराळ्या बिघाडांतून झालेले आहेत, आणि दोन्ही एकत्र आले म्हणजे मधली छटा येते. या मधल्या छटेच्या मांजरांना पुढें 'टॉन्किनीज' नांवानें मान्यता मिळाली. त्यांतही एक गंमत आहे. ही मधली छटा असलेल्या दोन मांजरांचीं पिलें घेतलीं तर सरासरीनें निम्मींच तशीं निघतात. एक चतुर्थांश सयामी रंगाचीं होतात आणि एक चतुर्थांश बर्मी रंगाचीं. किती पिढ्या जपलें तरी तो रंग 'शुद्ध' म्हणून स्थिर होऊं शकत नाहीं, कारण संकर हेंच त्याचें स्वरूप आहे. ज्या भाटीला सदोष म्हणून बाजूस सारलें असतें, ती एका जातीची मूळमाता व दुसरीचा आद्य नमुना ठरली!

येथवरची गोष्ट रंजक आहे. आतां तिची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. मेलॅनिन केवळ केंस रंगविण्यासाठीं नसतें. गर्भांत डोळा घडत असतांना त्याच्या पडद्यामागील या द्रव्याचा मज्जातंतूंच्या रचनेशीं संबंध असतो. सामान्य मांजरांत प्रत्येक डोळ्यांतून निघणाऱ्या तंतूंपैकीं कांहीं मेंदूच्या त्याच बाजूस जातात आणि कांहीं पलीकडच्या बाजूस ओलांडतात. सयामी मांजरांत प्रमाणाबाहेर तंतू पलीकडे जातात. ही गोष्ट १९६९ सालीं गिलरी या शास्त्रज्ञानें दाखविली. आणि पुढें दृष्टीवरील संशोधनाबद्दल १९८१ सालचें नोबेल पारितोषिक ज्यांना मिळालें त्या ह्यूबेल व वीझेल यांनीं १९७१ सालीं तिचा अधिक तपास केला. जुन्या सयामी मांजरांपैकीं पुष्कळ तिरळीं असत, याचें मूळ यांत आहे. देवळांतल्या पात्राची राखण करतांना टक लावून पाहिल्यामुळें त्यांचे डोळे तिरळे झाले आणि पात्राला विळखा घालून शेंपटीला गांठ पडली, अशी एक कथा सांगतात. कथा गोड आहे. परंतु खरें कारण त्या सुंदर मुखवट्याशींच बांधलेलें आहे. पैदास करणाऱ्यांनीं तिरळीं मांजरें वगळून डोळे सरळ दिसणारीं निवडलीं. पण आंतली तंतूंची वाट त्यामुळें सुधारली नाहीं. दोन्ही डोळ्यांनीं मिळून अंतर जोखण्याची जी शक्ति, तींत हें मांजर उणें पडतें. त्याचे निळे डोळेही रंगाच्या संपत्तीनें निळे नसतात. बुबुळांत रंगद्रव्य फार थोडें, म्हणून आकाश निळें दिसावें तसे ते निळे दिसतात. आणि अंधारांत उजेड पडला तर हिरवे न चमकतां तांबडे चमकतात.

इतकें निसर्गाचें. माणसानें त्यांत आणखी भर घातली. जुन्या छायाचित्रांतील सयामी मांजर गोल तोंडाचें व भरल्या अंगाचें दिसतें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत प्रदर्शनांची अभिरुचि पालटली. मस्तक पाचरीसारखें निमुळतें, कान अवाढव्य आणि अंग नळीसारखें लांब, अशीं मांजरें बक्षिसें मिळवूं लागलीं, आणि जुन्या बांध्याचीं मांजरें प्रदर्शनांतून नाहींशीं झालीं. सयामांत पोथीनें आठ काळीं स्थानें सांगितलीं होतीं, एवढ्यावर तेथील लोक संतुष्ट होते. थोड्या पूर्वजांतून वारंवार पैदास केल्यानें इतर दोषही दडून पुढें येत राहतात. हळूहळू आंधळेपणा आणणारा डोळ्याच्या पडद्याचा एक आनुवंशिक रोग या जातींत बराच आढळतो. समाधानाची गोष्ट एवढीच कीं, त्याचा जनुक आतां ओळखतां येतो. जोडी जुळविण्यापूर्वीं परीक्षा करून पाहिली तर तो रोग पुढच्या पिढीस टाळतां येतो.

म्हणून ज्यांना असें मांजर घरीं आणावयाचें असेल त्यांनीं कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. अगदीं लहान पिलाचा मुखवटा फिका आहे म्हणून तें कमी प्रतीचें समजूं नये. त्याचा रंग अजून यावयाचा आहे. उष्ण गांवीं अंगाचा रंग फिकट राहतो आणि थंड गांवीं गडद होतो, याचा शुद्धतेशीं संबंध नाहीं. शस्त्रक्रियेनंतर काळा डाग उगवला तर पशुवैद्याला दोष देऊं नये; पुढें तेथले केंस गळून नवे आले कीं रंग बहुधा पूर्ववत् होतो. विक्रेत्याला मुखवटा किती काळा हें विचारण्यापेक्षां आईबाप पाहावयास मिळतील का, त्यांचें नातें किती जवळचें आहे, डोळ्यांच्या रोगाची परीक्षा केली आहे का, हें विचारावें. आणि एक गोष्ट विशेष : ही जात माणसाच्या सहवासाची फार भुकेली असते, मोठ्यानें बोलते, आणि दिवसभर कुलूपबंद घरांत एकटी ठेविली तर झुरते. ज्या घरीं दिवसा कोणीच नसतें त्यांनीं केवळ निळ्या डोळ्यांसाठीं ती आणूं नये.

आपल्या भाषेंत रंगाला वर्ण म्हणतात, आणि कुळाच्या पायरीलाही वर्णच म्हणतात. एकाच शब्दांत दोन अर्थ राहिल्यानें एकावरून दुसऱ्याची परीक्षा करण्याची संवय आपल्याला फार जुनी आहे. उपवर मुलींच्या माहितीपत्रकांत 'वर्ण गोरा' हे शब्द आजही वाचावयास मिळतात. सयामी मांजराचा वर्ण त्याच्या कुळाचा दाखला देत नाहीं, गुणाचाही देत नाहीं. कोणता अवयव किती उबेंत वाढला एवढेंच तो सांगतो. बाकी सारें मोल आपण लावलेलें. मोल लावण्याचा अधिकार आपण घेतला आहे, तर त्या मोलापायीं मांजराला जें सोसावें लागतें तें जाणून घेण्याचें कर्तव्यही आपल्याच पदरीं येतें.